काळ्यावर पिवळी तारीख

मी धंद्याने फ्लेक्सवाली. मुकुंदवाडी स्टेशनच्या रस्त्याला माझं दहा बाय वीसचं दुकान आहे. वाढदिवस, साखरपुडा, पदग्रहण, दशक्रिया, सगळ्यांचे बोर्ड मी छापते. आमच्या भागातल्या प्रत्येक होतकरू पुढाऱ्याचे दात मी पांढरे केलेले आहेत आणि निम्म्यांच्या डोक्यावर केस चढवलेले आहेत. चौकाच्या पलीकडून, चालत्या गाडीवरून माणसाला अक्षर वाचता आलं पाहिजे, हे माझं पोटापाण्याचं ज्ञान. एवढं ज्ञान असूनही माझ्या स्वतःच्या आईला घरातल्या भिंतीवरची तारीख दिसत नाही, हे माझ्या डोक्यात शिरायला चार महिने लागले. काही जणांना हुशारी दुकानात ठेवून घरी यायची सवय असते, त्यातली मी.

माझी माय पिशोरची. आमचं घर मूळचं मेंढरामागे फिरणारं. आजोबांनी मेंढरं राखली, वडिलांनी ती विकून जमीन कसली, आणि मी इथे येऊन लोकांची तोंडं छापते. वडील गेल्यावर माय गावातल्या दोन खोल्यांत एकटी राहायची. सोबतीला चार शेळ्या आणि भिंतीपलीकडे माझी काकू, म्हणजे तिची धाकटी जाऊ. या दोघी जावा चाळीस वर्षं भांडत आल्या आहेत आणि एकीवाचून दुसरीला घास जात नाही. तिथून मी मायला मुकुंदवाडीला आणलं ते डोळ्यांमुळे.

डॉक्टरांनी डोळ्याचा फोटो काढून दाखवला. दोन्ही पडद्यांचा मधला भाग खराब झाला होता. मधलं गेलं ते परत येणार नाही, म्हणाले, कडेचं शाबूत आहे. पण त्या कडेच्या मागे काचबिंदू लागला होता. त्यासाठी थेंब दिले, सकाळी आठ, दुपारी दोन, रात्री आठ. वेळा चुकवल्या तर कडेचंही हळूहळू जाईल, हे त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं. मायचे कान शाबूत असल्यामुळे तिने ते ऐकलं.

तेव्हापासून तिचं बघणं तिरकं झालं. माझं नाक बघायचं असलं की ती माझ्या कानाकडे बघते. ताटातली भाजी बघायची तर पाण्याच्या तांब्याकडे. दाणा टिपायच्या आधी कोंबडी मान वाकडी करते ना, तसं. सुरुवातीला मला वाटायचं की माझ्या मागे कोणी आलंय, आणि मी वळून बघायचे.

गावात तिला घड्याळ लागतच नव्हतं. ऊन उंबऱ्याला टेकलं की एक काम, चुलीपाशी आलं की दुसरं, शेळ्या ओरडायला लागल्या की तिसरं. माझं घर म्हणजे दोन घरांच्या मध्ये चेपलेलं रो-हाऊस. ऊन येतं ते फक्त पुढच्या पोर्चमध्ये, आत सकाळपासून ट्यूब. त्या ट्यूबच्या उजेडात सकाळचे दहा आणि संध्याकाळचे सहा सारखेच दिसतात. भिंतीवर घड्याळ होतं, दिनदर्शिकाही होती, पण मायच्या लेखी ते दोन्ही भिंतीवरचे डाग. म्हणून ती विचारायची. 'किती वाजले गं?' पाच मिनिटांनी, 'आज कोणता वार?' कुकरची शिट्टी झाली की पुन्हा, 'किती वाजले?' मी दुकानात असले की फोनवर.

मला राग लवकर येतो. येतो तसा जातोही, पण जाईपर्यंत तोंड चालू असतं. एके दिवशी दुकानात एका साहेबांच्या अभिनंदनाच्या बोर्डावर त्यांच्या विरोधकाचा फोटो छापून गेला होता आणि साहेबांची माणसं माझ्या काउंटरला टेकून उभी होती. तेवढ्यात मायचा त्या दिवशीचा अकरावा फोन आला. मी म्हणाले, "माय, घड्याळ आहे का मी?"

तिला फोन नीट बंद करता येत नाही, त्यामुळे तिचा श्वास मला ऐकू येत राहिला. शेवटी मीच बंद केला.

त्यानंतर तिने विचारणं सोडलं. खरं सांगायचं तर दोन दिवस मला बरं वाटलं. तिसऱ्या दिवशी मी दुपारी जेवायला घरी आले तर देवापुढे दिवा लावलेला, आणि माय तोंड धुऊन, भाकरी खाऊन भिंतीला टेकून बसलेली.

"आज लई उशीर केलास," ती म्हणाली. "म्या जेवून घेतलं. रातचे थेंब बी टाकले."

दुपारचा एक वाजला होता. ती झोपून उठली, ट्यूब बघितली आणि रात्र समजली. विचारायला कोणी नव्हतं, कारण मीच तसं करून ठेवलं होतं. मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारलं. इतकी लाज मला आयुष्यात फार थोड्या वेळा वाटली आहे.

त्याच संध्याकाळी काकूचा फोन आला. तांबडी शेळी गाभण होती, दीड महिन्यात व्यायची होती, आणि काकूला कासेला हात लावू देत नव्हती. "अक्का, तुमची शेळी तुमच्यावानीच हाय," काकू म्हणाली. माय बऱ्याच दिवसांनी हसली. फोन झाल्यावर मला म्हणाली, "मला पिशोरला सोड."

"थेंब कोण टाकणार?"

"म्या टाकीन."

"तुला दुपार का रात्र कळत नाही, माय. वार कळत नाही. काकू काय दिवसभर तुझ्या उशाशी बसणार आहे?"

माय माझ्या कानाकडे बघत म्हणाली, "लोकाच्या वाढदिवसाचं येवढालं छापतीस. माझी तारीख छाप की तसली. मंग कळंल."

मुद्दा बिनतोड होता. पण सरळ 'हो' म्हणणं माझ्या स्वभावात नाही, म्हणून मी अट घातली. एक महिना. महिनाभर तिने इथे राहायचं, कुणालाही वार, तारीख, वेळ विचारायची नाही आणि थेंब आपले आपण वेळेवर टाकायचे. जमलं तर मी स्वतः पिशोरला पोचवीन. एकदा जरी चुकली तर महिना पहिल्यापासून, आणि तोवर शेळ्या काकूच्या.

"चालंल," माय म्हणाली. "पर आधी दिसंल असलं घड्याळ आन."

दिसेल असं घड्याळ शोधण्यात आमचे आठ दिवस गेले. गुलमंडीच्या बाजारात भिंतीवरच्या घड्याळांना तोटा नाही, पण ती सगळी नटलेली. सोनेरी कड, सोनेरी काटे, मागे सोनेरी मोर आणि वर काच. त्या काचेत मायला आमची ट्यूब तेवढी दिसली. मग लाल आकड्यांचं विजेचं घड्याळ आणलं, स्टेशनवर असतं तसलं. आकडे तिला दिसले, पण ते इंग्रजी, आणि मायने प्रौढांच्या वर्गात गिरवले ते मराठी. शेवटी बोलणारं घड्याळ आणलं. त्यातली बाई तासातासाला इंग्रजीत वेळ सांगायची. दुसऱ्याच दिवशी मायने ते गादीखाली कोंबलं.

"कोन हाय ही बाई?" म्हणाली. "तासाला येती न् भांडून जाती. काय म्हनायली तेच कळंना."

मग मीच दुकानात बसले आणि घरातल्या जुन्या घड्याळासाठी नवी तबकडी केली. धंद्याचा हात, त्यामुळे पहिल्या तबकडीला मी झेंडूची कड लावली आणि मधोमध गणपती बसवला. मायने तिरकं बघितलं.

"ही फुलं काढ."

काढली.

"मधी कोन हाय?"

"गणपती."

"त्याला बी काढ."

"देवाला काढू?"

"देव डोळे मिटले तरी दिसतो. येळ दिसत नाय."

देवाला काढला. मग रंगांची परीक्षा झाली. माय पोर्चमध्ये पाटावर बसली आणि मी फाटकापाशी उभी राहून एकेक तुकडा वर धरत राहिले. पांढऱ्यावर लाल नापास. पांढऱ्यावर निळा नापास. हिरव्याचं तर नाव काढू नको म्हणाली. काळ्यावर पिवळा धरला तशी तिची मान थांबली. "हे रिक्षावानी हाय बघ," म्हणाली, "हे दिसतं." आकडे बाराही हवेत असा माझा आग्रह होता. तिचं म्हणणं पडलं की आठ आणि दोन एवढ्यांशीच तिचं काम आहे, बाकीच्यांनी कशाला गर्दी करायची. म्हणून ८ आणि २ तळहाताएवढे, आणि बाकीच्या जागी नुसत्या जाड रेघा. १२ मी हट्टाने ठेवला.

काटे मी सनबोर्डचे, म्हणजे बोर्डाच्या पाठीला लावतात त्या फोमच्या फळीचे कापले, बोटभर रुंद, आणि त्यांवर गाड्यांच्या नंबरप्लेटला लावतात तो पिवळा रेडियम चिकटवला. घड्याळ दिसायला झकास झालं. चालायला मात्र नाही. मोठा काटा नवाच्या रेघेपाशी येऊन अडकून बसायचा. ते घेऊन मी शहागंजला एका म्हाताऱ्या घड्याळवाल्या चाचांकडे गेले. त्यांचं दुकान कपाटाएवढं आहे आणि ते त्या कपाटात बसलेले असतात.

"काटा भारी हो गया, बेटा," ते म्हणाले. "सहा के बाद चढाव है ना. मशीन का दम उखड जाता. किस के वास्ते बनाए?"

"माझ्या आईसाठी. तिला दिसत नाही."

"दिखता नै, के कम दिखता?"

"कडेकडेचं दिसतं."

"हौ. तो फिर काटा मोटाइच होना. हलका करेंगे." त्यांनी खणातून जुनी एक्स-रेची फिल्म काढली. कुणाचा तरी गुडघा होता तो. तो काट्याच्या मापाने कापला आणि वर माझाच रेडियम लावला. मग मोठ्या काट्याची शेपटी मागच्या बाजूला वाढवली आणि तिला पितळेचा वाटाण्याएवढा तुकडा जोडला, म्हणजे पुढचं वजन मागच्या वजनाने तोललं गेलं. काटा निमूट चढायला लागला. चाचा म्हणाले, "काच नक्को लगाओ. अम्मा हाथ लगाके भी देख लेंगे." हे मला सुचलं नव्हतं.

तारखेचं काम मला सोपं वाटलं होतं, तेच जड गेलं. आपल्याकडच्या दिनदर्शिकेत तारीख ही नावाला असते. खरा मजकूर चौकटीच्या कोपऱ्यात मुंगीएवढा. तिथी, नक्षत्र, चंद्रोदय, आणि त्यावर पुन्हा पेनने दूध, सिलिंडर, इस्त्रीचे कपडे. तीस दिवस एका पानावर ठेवून हे सगळं मायला दिसेल एवढं केलं असतं तर पान आमच्या घरात मावलं नसतं. म्हणून मी एका दिवसाला एक पान केलं. बोर्ड छापून झाले की फ्लेक्सच्या पट्ट्या उरतातच. त्या दीड फूट बाय दोन फूट कापल्या. वर वार, मध्ये तारीख, खाली तिथी आणि सण. वरच्या दोन कोपऱ्यांना बोर्डाला मारतात तशा लोखंडी रिंगा मारल्या आणि पोर्चच्या भिंतीला दोन लांब खिळे ठोकून त्यांवर महिन्याची तीस पानं अडकवली. घड्याळही शेजारीच लावलं, कारण खरा उजेड तिथेच. नियम एकच. सकाळी उठलं की वरचं, म्हणजे कालचं, पान खिळ्यांवरून उचलायचं. खाली आजची तारीख येते.

पहिल्या सकाळी मायने पान उचललं, दोन पावलं मागे सरली आणि फाटकाकडे तोंड करून तारीख वाचली. मग वार वाचला. मग पुन्हा तारीख. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर म्हणाली, "लई दिसांनी भेटली." मला इतका आनंद झाला की त्या दिवशी मी दुकान दुपारी उघडलं आणि सकाळी शिरा केला.

आमचं पोर्च रस्त्याला लागून आहे, हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. दीड फुटाची पिवळी तारीख काळ्यावर लटकली की ती एकट्या मायला दिसत नाही, सगळ्या गल्लीला दिसते. चार दिवसांत भाजीवाली गाडा थांबवून तिथी बघायला लागली. इस्त्रीवाला वार बघायचा. आमच्याकडे नळाला पाणी आठवड्यातून कधीतरी येतं आणि तो दिवस लक्षात ठेवणं हे गल्लीतलं मोठं काम. म्हणून उरलेल्या पानांवर मी पाण्याच्या अंदाजाच्या दिवशी निळा थेंब चिकटवला. मग तर विचारायला नको. लोक स्कूटर थांबवून, हातात मोबाइल असताना, माझ्या मायला विचारायचे, "मावशी, किती वाजले?" आणि माय मान वाकडी करून, अजिबात घाई न करता, सांगायची. जी बाई मला वेळ विचारून विचारून भंडावत होती, तिला आता सगळी गल्ली वेळ विचारत होती. उतरलेली पानंही लोक मागून न्यायचे. कुणाच्या स्कूटरच्या सीटवर सतरा तारीख, कुणाच्या कुंडीखाली पाच.

थेंबही ती वेळेवर टाकत होती. पहिला थेंब बहुतेकदा गालावर, दुसरा डोळ्यात. मी चोरून मोबाइलमध्ये वेळ तपासायचे. आठला दोन मिनिटं कमी, दोन वाजून एक मिनिट. चूक सापडत नव्हती. आणि एक गोष्ट कबूल केली पाहिजे. दिवस जसजसे सरत गेले तसतसं मला आतून वाटायला लागलं की हिने एकदा तरी चुकावं. पोर्चमध्ये बसलेली माय बघायची मला सवय झाली होती. ती गेली की घरात पुन्हा माझा आवाज तेवढा उरणार होता.

चोविसाव्या दिवशी सकाळी दहा वाजता दुकानात तिचा फोन आला. "हे इचारण्यात धरू नगंस," ती आधीच म्हणाली. "पानावर संकष्टी आलीय. मला तर कालची दुसरी तिथ वाटती. मंग आज चौथ कशी?"

मी कामात होते. म्हणाले, "पानावर लिहिलंय ना? मग तेच."

संध्याकाळी सहाला घरी आले तर पोर्चमध्ये पाच-सहा बायका उभ्या आणि मध्ये माय पाटावर. शेजारच्या वहिनी गणपतीच्या देवळात जाऊन आल्या होत्या. तिथे गर्दीच नव्हती. फुलवाली त्यांना म्हणाली, "आज कशाची संकष्टी? चतुर्थी उद्या हाय." मग सगळ्यांनी मोबाइल काढले. आज बुधवार, तृतीया. भिंतीवर गुरुवार, संकष्टी चतुर्थी. आणि सबंध गल्ली सकाळपासून साबुदाण्यावर.

"वहिनी, तुम्हाला वार तरी कळायला नको?" मी विचारलं.

"वार कोण बघतंय, ताई? संकष्टी बघितली आणि साबुदाणा भिजत घातला. नीट भिजलाही नाही मेला."

"अहो, पण काल द्वितीया होती ना?"

"होती की. मला वाटलं, तृतीयेचा क्षय असेल."

बाकीच्यांनीही माना हलवल्या. सगळ्यांना तसंच वाटलं होतं. आपल्या पंचांगात मधूनच एखादी तिथी गळते, हे सगळ्यांना माहीत. त्यामुळे दुसरीवरून एकदम चौथ आली याचं कुणालाच नवल वाटलं नाही. पंचांग न मानणाऱ्या माणसाने ही चूक केलीच नसती.

मी मायकडे वळले. "दोन पानं काढलीस ना, माय? एक काढायचं होतं. एक."

"म्या येकच काढलं."

"मग दुसरं काय उडून गेलं?"

हे मी सगळ्या बायकांसमोर म्हणाले. आवाजही चढा होता. माय उठली, भिंतीवरची पानं तिने बोटांनी चाचपली, मोजल्यासारखी केली आणि परत फिरली. "बरं," म्हणाली. "लाव महिना पयल्यापासून." आणि आत गेली. शेळी व्यायला पंधरा दिवसही उरले नव्हते, हे तिला माहीत होतं आणि मलाही. आणि तरी मला जिंकल्यासारखं वाटलं. हे लिहिताना हात जड होतो, पण वाटलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीने पुन्हा उपास धरला. मायनेही धरला. मी दुकानात गेले, मशीन पुसायला वाकले आणि मशीनखाली मला एक पान दिसलं. काळ्यावर पिवळं. मंगळवार, द्वितीया. त्यावर जांभळ्या शाईचे ओघळ.

मग सगळं आठवलं. काल पहाटे मशीनची शाई गळत होती म्हणून मी लवकर निघाले होते. खाली अंथरायला काहीतरी हवं होतं. पोर्चमधून जाताना वरचं, मंगळवारचं पान समोर दिसलं, ते मीच उचललं. मायचं तेवढंच एक काम हलकं, असंही मनात म्हणाले होते. नंतर माय उठली आणि नियमाप्रमाणे तिने एक पान काढलं. एकच. मी तिचा पदर सारखा करते, तिच्या वरणात मीठ घालते, तिच्या आधी दार उघडते. त्याच हाताने ते पानही निघालं होतं. शिवाय तिला शंका आली होती, तिने मला विचारलंही होतं, आणि मी तिच्या डोक्यापेक्षा माझ्या छपाईवर विश्वास ठेवायला सांगितलं होतं.

ते पान कचऱ्यात टाकलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. दोन मिनिटं मी तोही विचार केला. मग दुकानाचं शटर ओढलं आणि पान काखेत घेऊन घरी निघाले.

वहिनी आणि आणखी दोघी पोर्चमध्येच होत्या. मी पान मायच्या मांडीवर ठेवलं. म्हणाले, "माय, हे मंगळवारचं. मी काढलं होतं काल. तू एकच काढलंस."

वहिनींना हसू फुटलं. "म्हणजे गल्लीला उपाशी तुम्ही मारलं तर," त्या म्हणाल्या, आणि बाकीच्या दोघीही हसायला लागल्या. माय हसली नाही. तिने त्या पानावरून हात फिरवला आणि माझ्या कानाकडे बघितलं.

"मंग महिना कुनाचा मोडला?"

"माझा."

"मंग तूच धर. ऱ्हायलेले सा दिस. पानाला हात लावायचा नाय. येळ झाली म्हनून मला हाक मारायची नाय. थेंबाची बाटली हातात द्यायची नाय. जमंल का?"

"जमेल."

"बगू," माय म्हणाली, आणि मग पदर तोंडाला लावून ती जी हसायला लागली, ती मलाही हसू आवरेनासं होईपर्यंत.

ते सहा दिवस मला फार कठीण गेले. हात शिवशिवायचे. एका रात्री आठ वाजले तरी माय हललीच नाही. एक मिनिट गेलं, दोन गेली. मी ओठ दाताखाली धरून पोर्चच्या दारात उभी. तेवढ्यात ती म्हणाली, "काटा आठावर नीट बसू दे की," आणि बाटलीकडे हात नेला. मी शब्दही बोलले नव्हते. माझ्या श्वासावरून तिने ओळखलं असावं.

सातव्या दिवशी आम्ही एसटीने पिशोरला गेलो. घड्याळ गोधडीत गुंडाळून मायच्या मांडीवर, दोन महिन्यांची पानं पोत्यात माझ्या पायाशी. घर गाठलं तर तांबडी शेळी पोट सांभाळत उठली आणि मायच्या हाताला नाक घासत उभी राहिली. काकू म्हणाली, "बघा, मला शिंग दाखिवती न् तुमच्याफुडं कशी गरीब गाय." मग खिळे ठोकायची वेळ आली. मी हातोडी उचलली.

"तू बस," माय म्हणाली. हातोडी तिने काकूच्या हातात दिली आणि भिंतीवर जागा स्वतः चाचपून दाखवली. मी ओट्यावर बसले. घड्याळ लागलं, पानं लागली. काकूने लांबून, जवळून, दोन्हीकडून तारीख बघितली आणि विचारलं, "अक्का, मंग बाजार कधी हाय?" जन्म त्या गावात गेला काकूचा. पण मायने मान वाकडी केली, पान बघितलं आणि सांगितलं. दोनला तिने थेंब टाकले. एक गालावर, एक डोळ्यात. मी बसून राहिले.

खरं म्हणजे मला निघवत नव्हतं. चहा झाला, दुसरा झाला. शेळीला बघून झालं, पुन्हा बघून झालं. ऊन ओट्यावरून उतरलं तरी मी पर्स मांडीवर घेऊन तिथेच. इतके दिवस मी म्हणत होते की मायला एकटं राहता येणार नाही. आता कळत होतं की मला तिच्यावाचून घरी जाता येत नाहीये. डोळे भरून आले तर येऊ दिले, तिला ते दिसणार नव्हते. पण तिचे कान आहेतच.

"साडेचार झाले," माय घड्याळाच्या बाजूला बघत म्हणाली. "ऊठ. पावनेपाचची गाडी हाय. ती गेली की मंग हाल हुतेत."

माझा हात सवयीने पर्समधल्या मोबाइलकडे गेला. वेळ तपासायला. तो मी तसाच मागे घेतला, उठले, तिच्या पाया पडले आणि चपला घातल्या. माय म्हणाली साडेचार, म्हणजे साडेचार.